दुखऱ्या नावाची खुशाल वेल

सुरतेत दुःखाला फारसा भाव नाही. जेवावं सुरतेत आणि मरावं काशीत, अशी इकडची म्हण आहे. त्यातलं मरण काशीवर सोपवून जेवणाची बाजू या गावाने मनापासून सांभाळली आहे. सकाळी लोचो, थंडीत पोंक, शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी चांदनी पडव्याला घारी. इथे प्रेमभंग झालेला माणूससुद्धा आधी जेवून घेतो, उदास व्हायचं नंतर बघतो. आणि जेवणावर झोप इतकी छान लागते की पुष्कळदा ते राहूनच जातं. अशा गावात, कतारगामच्या आमच्या रो-हाऊसच्या फाटकावर जी वेल चढली आहे तिचं नाव ‘ब्लीडिंग हार्ट’. पुण्या-मुंबईचे पाहुणे नाव ऐकून हळवे होतात. सुरतेचा माणूस दोनच प्रश्न विचारतो: कितीला आणली, आणि ‘आनो फायदो शुं?’

फायदा मला सांगता येत नाही असं दिसलं की तो स्वतःच एक शोधून देतो. ज्या अर्थी नावात हार्ट आहे, त्या अर्थी पानं कोलेस्टेरॉलवर चालत असणार. काढ्यासाठी पानं मागायला आलेल्या शेजाऱ्यांना मी चहा पाजून परत पाठवलं आहे. शोभेच्या झाडाची पानं उकळून पिऊ नयेत, हे सांगताना वाईटपणा माझ्याकडेच येतो. ‘आपवुं नथी’, द्यायचं नाहीये, एवढाच त्यातून अर्थ निघतो.

मुळात या नावावर दोघींचा दावा आहे. माझी भाची टोरांटोला असते. मे महिन्यात, आम्ही इथे घामाने चिकट झालेले असताना, तिने आपल्या बागेचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मावशी, खरी ब्लीडिंग हार्ट ही.’ कमानीसारख्या वाकलेल्या नाजूक दांडीवर ओळीने लटकलेली गुलाबी हृदयं, प्रत्येकाच्या खालच्या टोकाशी एकेक पांढरा थेंब. फोटो सुंदर होता, आणि भाचीचं म्हणणं कागदोपत्री बरोबर होतं. ते झाड लॅम्प्रोकॅप्नॉस स्पेक्टाबिलिस. सैबेरिया, उत्तर चीन, कोरिया, जपान हे त्याचं माहेर. हिवाळाभर त्याची मुळं गोठल्या मातीत झोपतात, वसंतात झाड उठतं, फुलतं, आणि उन्हाळा जरा तापला की पानं पिवळी करून पुन्हा जमिनीत जातं. ज्याला टोरांटोचा जुलै सोसत नाही त्याच्याजवळ सुरतेच्या मे महिन्याचा विषयसुद्धा काढू नये.

तरी आमच्या गल्लीत एकांनी काढला. ऑनलाइन मागवलेल्या मुळ्या आल्या, वाळक्या आल्याच्या तुकड्यांसारख्या. थंडी हवी म्हणून कुंडी फ्रीजमध्ये, श्रीखंडाच्या डब्याखाली. घरच्यांनी श्रीखंडाची बाजू घेतल्यावर बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ओळख काढण्यापर्यंत मजल गेली होती. अखेर एका मुळीला कोंब फुटला. त्याने बाहेर येऊन एप्रिलची हवा पाहिली आणि विषय संपवला.

या हळव्या झाडाचा इतिहास मात्र बराच निबर आहे. ब्रिटनने चीनवर अफूसाठी युद्ध लादलं, १८४२ साली नानकिंगचा तह झाला, बंदरं उघडली; आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने रॉबर्ट फॉर्च्यून नावाचा माळी झाडं गोळा करायला चीनला धाडला. त्याने धाडलेल्या ऐवजातून १८४६च्या सुमारास हे झाड इंग्लंडला पोचलं आणि बघता बघता तिथल्या परसांत शिरलं. गंमत अशी की हे झाड अफूच्याच कुळातलं. थोरल्या बहिणीपायी युद्ध झालं आणि त्या धामधुमीत धाकटी हळूच बोटीत बसली. हाच फॉर्च्यून पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर होऊन चहाची रोपं चीनमधून हिमालयात घेऊन आला. म्हणजे आपल्या सकाळच्या कपातही त्याचा हात आहे.

आता आमची. हिचं नाव क्लेरोडेंड्रम थॉमसोनी. पश्चिम आफ्रिकेची. उष्ण, दमट, चिकट हवा हीच तिची घरची हवा, त्यामुळे सुरतेत ती पाहुणी म्हणून राहतच नाही. पानं मोठी, गडद हिरवी, शिरा उठून दिसणारी. फुलं घोसांनी. लांबून पाहिलं तर पांढऱ्या हृदयाच्या टोकाला रक्ताचा थेंब आला आहे असंच वाटतं.

जवळून कसं दिसतं ते मला हिरावाल्या काकांनी दाखवलं. काका अमरेलीकडचे, वराछ्याच्या कारखान्यात घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, बसून उमेदीची वर्षं गेली. आता रिटायर आहेत, पण खिशातला आयग्लास रिटायर झालेला नाही. एका सकाळी फाटकाशी थांबले, घोसातलं एक फूल न तोडता बोटांत धरलं, आयग्लास डोळ्याला लावला आणि म्हणाले, “बेन, आ तो हार्ट शेप छे!” मग तपासणी सुरू झाली. वरची खाच बरोबर आहे. डावा खांदा जरा जड आहे. टोक चांगलं आहे, पण चिपायची भीती. हार्ट शेप हा त्यांच्या मते सगळ्यांत लबाड आकार: दोन खांदे सारखे काढता काढता कच्चा माल किती वाया जातो ते मालकाला विचारा. फेब्रुवारीच्या आधी अमेरिकेची ऑर्डर आली की घंटीवरच्या चौघांनी मान वर करायची नाही. जगातल्या पुष्कळशा प्रेमिकांची हृदयं वराछ्यात घासली गेली आहेत, आणि घासणाऱ्यांना त्या वेळी फक्त सिमेट्रीची काळजी होती.

मग त्यांनी आयग्लास माझ्या हाती दिला. पांढऱ्या पाकळ्या म्हणून आपण जे कौतुकाने बघतो त्या पाकळ्या नव्हेतच. तो फुलाचा बाहेरचा कोश. पाच कडांचा, पाच टोकांचा, कागदी कंदिलागत फुगलेला, आणि पानावर असतात तशा बारीक शिरांचं जाळं असलेला. खरं फूल म्हणजे त्याच्या तोंडातून बाहेर आलेली ती लालभडक चांदणी. तिच्यातून चार लांब पुंकेसर पुढे झेपावलेले, आणि स्त्रीकेसर मात्र खाली वाकून बाजूला राहिलेला. शेजारच्याच जुन्या फुलात उलटं: पुंकेसर गुंडाळी होऊन मागे गेलेले आणि स्त्रीकेसर सरळ होऊन त्यांच्या जागी आलेला. फुलाचे पराग त्याच फुलावर पडू नयेत म्हणून केलेली ही व्यवस्था. मी ती शक्य तितक्या शास्त्रीय भाषेत काकांना सांगितली. त्यांनी पुन्हा एकदा बघितलं आणि म्हणाले, “शिफ्ट बदली गई.”

भाचीचा फोटोही मी त्यांना दाखवला आणि खरी कोण ते विचारलं. काकांनी सुस्कारा सोडला. हल्ली हा प्रश्न त्यांच्या धंद्याच्या वर्मी लागतो. खाणीतला हिरा आणि लॅबमध्ये केलेला हिरा आयग्लासखाली त्यांनाही ओळखता येत नाही, त्याला मशीन लागतं. “जे आपल्या दारात चमके ते आपलं,” असं मोडक्या मराठीत म्हणून त्यांनी निकाल दिला. भाचीला मी तो कळवला नाही. कॅनडात हिऱ्यांच्या खाणी आहेत, तिचा कल वेगळा असणार.

ही वेल वाढवणं अवघड नाही. तिच्या नावाला भुलून तिला जपत बसलं तर मात्र ती बिघडते. इथली काळी माती कपाशीची. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि कुंडीत नुसती तीच भरली तर मुळं गुदमरतात. म्हणून थोडी काळी माती, तितकीच रेती, आणि बाकी शेणखत व कुजलेला पालापाचोळा. बारडोलीकडून कुणी येणारं असेल तर साखर कारखान्याची कुजवलेली प्रेसमड मागवावी. सकाळचं कोवळं ऊन हवं, दुपारी सावली. पश्चिमेच्या भिंतीला लावली तर पानांच्या कडा करपतात. पाणी भरपूर, पण साचलेलं नको. थंडीत हात आखडता घ्यावा. युरिया घालू नये. नत्र फार झालं की ती नुसती पानांनी सुटते आणि फुलायचं विसरते. खाऊन-पिऊन सुखी, काम शून्य. तसे लोक प्रत्येक सोसायटीत असतात.

तिला चढायला तार हवी, आणि आपण दिलेली तारच ती निवडेल असं नाही. दहा-बारा फूट सहज जाते. आमच्याकडे तिने फाटकाची कडी, मीटरची पेटी आणि वाळत घातलेली एक ओढणी इतकं आजवर पदरात पाडून घेतलं आहे. मुळांतून फुटवे काढून ती शेजारच्या वाफ्यातही डोकं वर काढते.

फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस, ऊन चढायच्या आत, तिला निम्म्याहून खाली छाटावं लागतं. इथे नाव आड येतं. हातात कात्री घेऊन उभी राहिले की गल्लीतून येणारी-जाणारी माणसं ‘अरेरे, हार्ट कापो छो?’ म्हणतात. हेच लोक बोगनवेल करवतीने कापताना आनंदाने शिडी धरतात. नाव गोड असो वा दुखरं, माणूस नावालाच कळवळतो. वेलीला त्याचं काही नाही. जितकी निष्ठुर छाटणी, तितके पुढच्या पावसाळ्यात घोस.

तिचा खरा शत्रू म्हणजे पिठ्या ढेकूण. पानाच्या बगलेत कापसाचा कण चिकटल्यासारखा दिसतो, आणि आठवडाभर दुर्लक्ष केलं की कोवळा शेंडा पांढरा होतो. मागोमाग मुंग्या येतात. त्यांना त्याचा गोड चिकटा हवा असतो, म्हणून त्या त्याची राखण करतात. कडुनिंबाचं तेल, भांड्याच्या साबणाचे चार थेंब, पाणी, आणि संध्याकाळी फवारणी. माझ्या सासूबाई अमळनेरच्या, माहेरी कपाशीचं रान. त्या हा कीटक ओळखतात आणि त्याच्याशी औषधाने नाही, जुन्या दातणाने लढतात. पाटावर बसून एकेक कण खरवडतात आणि त्याला अहिराणीत जे म्हणतात ते इथे लिहिण्याजोगं नाही.

सासूबाईंनी वेल पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांचा प्रश्न सुरतेच्या माणसाहून वेगळा होता: “हाई फूल देवले चाली का?” मला खरंच ठाऊक नव्हतं. आफ्रिकेच्या फुलाबद्दल पोथीत काय असणार? पण वनस्पतिशास्त्राने अनपेक्षित मदत केली. पूर्वी हे सगळं खटलं घाणेरीच्या कुळात मोडायचं. १९९०च्या दशकात शास्त्रज्ञांनी नीट चौकशी करून त्याला तिथून उचललं आणि तुळशीच्या कुळात घातलं. गोत्र बदलून मिळण्याचे प्रकार आपल्याकडे लग्नाशिवाय किंवा दत्तकविधानाशिवाय होत नाहीत. इथे घराणंच्या घराणं एका ठरावात तुळशीचं भाऊबंद झालं. सोबत निर्गुडी आली, आणि डांगच्या जंगलातला अवाढव्य सागही. हे ऐकल्यावर सासूबाईंनी वेलीकडे नव्या नजरेने पाहिलं. कोकणात पावसाळ्यात ज्या भारंगीच्या पाल्याची कडूसर भाजी करतात, तीही या वेलीची जवळची नातेवाईक, असं मी वर आणखी सांगितलं. ते सांगायला नको होतं असं नाही, पण सासूबाईंच्या डोळ्यांत लगेच कांदा-लसूण दिसू लागला. शेवटी तडजोड अशी झाली की देवाला नाही, पण देवाच्या फोटोशेजारच्या पेल्यात चालेल. पाण्याबद्दल मात्र त्यांना आक्षेप नाही. अमळनेरची बोरी तापीला मिळते आणि तापी सुरतेला येते, तेव्हा वेल आपल्या गावचंच पाणी पिते, असा त्यांचा हिशेब आहे. मधल्या उकाई धरणाचं श्रेय त्या कुणाला देत नाहीत.

वेलीच्या नावातल्या थॉमसोनीचं काय? विल्यम कूपर थॉमसन हे आजच्या नायजेरियात काम करणारे मिशनरी. त्यांची पहिली बायको वारली. तिकडच्या या वेलीला आपल्या दिवंगत पत्नीचं नाव द्यावं, अशी त्यांनी विनंती केली आणि १८६२च्या सुमारास ती मान्य झाली. म्हणजे ‘ब्लीडिंग हार्ट’ हे बाजारातलं नाव बाजूला ठेवलं तरी शास्त्राच्या कागदावर खरोखरीचं एक दुःख आहेच. एवढंच की त्या नावात ती बाई फक्त थॉमसनबाई आहे. तिचं पाळण्यातलं नाव त्यात नाही, माहेरचंही नाही. लग्नात तांदळावर नवं नाव लिहिलं गेलेल्या आपल्याकडच्या कितीतरी जणींना यात नवल वाटणार नाही. माझ्या रेशनकार्डावरचं नाव वाचून मला माझी शाळेतली बाकावरची मैत्रीणही ओळखणार नाही.

कतारगाम दरवाजापाशी गेलं की याच्या नेमकं उलट दिसतं. तिथे इंग्रजांचं आणि डचांचं अशी दोन जुनी कबरस्तानं आहेत. इंग्रजांच्या बाजूला ऑक्झेंडन बंधूंची घुमटदार कबर. त्यातला जॉर्ज ऑक्झेंडन म्हणजे जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेवर आले तेव्हा वखारीचं दार लावून बसलेला प्रेसिडेंट. रायगडावर राज्याभिषेकाला आलेला हेन्री ऑक्झेंडन त्याच घराण्यातला. हे घुमट पाहून डचांना राहवलं नाही असं म्हणतात, आणि त्यांनी आपल्या बाजूला त्याहून भव्य, दुमजली, वर-खाली खांबांच्या सज्ज्यांचं बांधकाम उठवलं. मेल्यावरही वखारींची चढाओढ चालूच.

पण त्या डच घुमटाखाली जो आहे त्याच्यासाठी मी जाते. हेंड्रिक व्हॅन रीड. कोचीनचा डच गव्हर्नर, आणि ‘होर्टस मलाबारिकस’ या ग्रंथाचा कर्ता. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला त्याचे १२ खंड निघाले. मलबारच्या ७००हून अधिक झाडांची चित्रं आणि वर्णनं. झाडांची माहिती इट्टी अच्युतन या वैद्याने दिली, आणि रंगभट, विनायक पंडित, आप्पू भट या तिघा कोकणी ब्राह्मणांनी. या तिघांनी लिहून दिलेला दाखला पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेला आहे. आमच्या वेलीच्या देशी बहिणी त्या ग्रंथात आहेत. भारंगीला मल्याळी लोक ‘चेरुतेक्कु’, म्हणजे लहान साग, म्हणत आले आहेत. साग आणि ती एका कुळातले हे शास्त्रज्ञांनाही मान्य आहे. डिसेंबर १६९१ मध्ये सुरतेकडे येता येता रीड बोटीवरच वारला आणि इथे पुरला गेला. शेवटचा खंड निघाला तेव्हा त्याचा घुमट उभा करण्याची तयारी चालू असेल किंवा संपली असेल. आता आतल्या अंगणात गवत माजतं, भिंतीच्या फटींतून पिंपळ येतो. झाडांनी त्याला ओळख दिलेली दिसते.

तिथल्या कुंपणाशी ही वेल लावावी असं माझ्या मनात येतं. संरक्षित वास्तू आहे, परवानगी कोण देणार म्हणून तो बेत मनातच राहिला आहे. लावायची तर वेळ पावसाळ्याचीच. जुलै-ऑगस्टमध्ये, फार कोवळी नाही आणि फार जून नाही अशी वीतभर फांदी, खालची पानं काढून ओल्या रेतीत खोचली की काही आठवड्यांत मुळं धरते. दुसऱ्याच्या कुंपणावरची न विचारता आणलेली असेल तर हमखास धरते, असा बागकाम करणाऱ्यांचा सार्वत्रिक अनुभव आहे. माझी पहिली फांदीही अडाजणच्या एका बंगल्याच्या भिंतीवरून बाहेर लोंबत होती. मी ती तोडते न तोडते तोच आतून मालकीणबाई आल्या. माझं मराठी वळणाचं गुजराती ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला आणि घरात ओरडून सांगितलं, “सांभळो, फरी सुरत लूंट्युं!” मग आत बोलावून नाश्ता दिला आणि वर आणखी चार फांद्या. लूट इतक्या आग्रहाने करवून घेणारं शहर दुसरं नसेल.

आता माझ्याकडेही लूट चालते. समोरच्या बेननी यंदा फांदी नेली, आणि नुसतं घ्यायचं बरं दिसत नाही म्हणून बदल्यात पापडीच्या बिया दिल्या. कतारगामची पापडी एके काळी नावाजलेली. शेतांवर इमारती आल्या, तरी हातगाडीवाला आजही कतारगामचंच नाव घेऊन विकतो. बिया देऊन झाल्यावर त्यांनी माझी तार नीट पाहून घेतली. वेलीच्या दोन घोसांमध्ये बरीच मोकळी जागा आहे, ती फुकट कशाला घालवायची? मला काही बोलायची संधी मिळायच्या आत त्यांनी बुंध्याशी बोटाने भोकं पाडून बिया टोचल्यासुद्धा. गणपतीपर्यंत पापडी वर आली, दिवाळीला तिने अर्धी तार घेतली. मी कुरकुर केली तर बेन म्हणाल्या, उत्तरायणपर्यंत उंधियूचे दिवस आहेत, तेवढं हार्टला जरा सरकून घ्यायला सांग. सरकून घेतलं आहे. शेणखताची टोपली तेवढी हल्ली दुप्पट लागते. पापडी जास्त खाते.